संगणकातली पेटी आणि स्वरांच्या फाइली

भाता नाही, पितळेची रीड नाही, आणि तरीही संगणकाला जोडलेल्या कीबोर्डाची एखादी पट्टी दाबताच हुबेहूब पेटीचा सूर ऐकू येतो. हा सूर संगणक स्वतः तयार करीत नाही. कोणीतरी खरी पेटी वाजवून तिचे सूर आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात. पट्टी दाबली की त्यांतले योग्य ते मुद्रण, योग्य त्या उंचीवर, त्याच क्षणी वाजविण्याचे काम एक आज्ञावली करीत असते. या आज्ञावलीला सॉफ्टवेअर सॅम्पलर असे म्हणतात. पेटीच काय, पियानो, बासरी, तबला, एवढेच नव्हे तर पाण्याच्या थेंबाचा आवाजही सॅम्पलर अशाच रीतीने वाजवितो.

परंतु ही मुद्रणे ज्या फाइलींत साठविलेली असतात त्या सगळ्या एका घाटाच्या नसतात. कोणी वेव्ह फाइल आणून देतो, कोणी एआयएफएफ, कोणी फ्लॅक, तर कोणी एमपी-३. सूर तोच, मग फाइलींचे इतके प्रकार कशासाठी? सॅम्पलर या गर्दीतून वाट कशी काढतो? आणि आपण भलताच प्रकार निवडला तर सुरातले काय हरवते? या प्रश्नांची उत्तरे आपण क्रमाने शोधू या.

फितीकडून आकड्यांकडे

मुद्रित केलेला सूर पट्टी दाबून वाजविण्याची कल्पना संगणकाहून जुनी नसली, तरी घरोघरी संगणक येण्यापूर्वीची नक्कीच आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६३ साली मेलोट्रॉन नावाचे वाद्य तयार झाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक स्वतंत्र तुकडा होता. पट्टी दाबली की फीत सरकू लागे आणि तिच्यावरील सूर ऐकू येई. फीत सुमारे आठ सेकंदांत संपे. मग बोट उचलण्यावाचून गत्यंतर नसे.

१९७९ साली ऑस्ट्रेलियात पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट नावाचे वाद्य बाजारात आणले. त्यात फितीची जागा आकड्यांनी घेतली. मात्र त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. एका आवाजासाठी फेअरलाइटमध्ये जेमतेम १६,३८४ बाइटांची जागा असे, म्हणजे एका सेकंदाचेही चांगले मुद्रण तीत मावत नसे. आज साध्या संगणकात याच्या लाखोपट स्मृती असते. म्हणूनच जे काम करण्यासाठी पूर्वी खास यंत्र लागे, ते आता केवळ एका आज्ञावलीने होते.

सूर म्हणजे आकड्यांची माळ

मधल्या सप्तकातील पांढरी सहा ही पट्टी घ्या. तिच्या सुरात हवा दर सेकंदाला ४४० वेळा कंप पावते. मायक्रोफोन या कंपनांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणक ते चढउतार ठरावीक अंतराने मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला नमुना किंवा सॅम्पल म्हणतात.

सेकंदाला किती वेळा मोजायचे? माणसाच्या कानाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. एखादे कंपन नीट पकडायचे तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हा वेग ठरला. चित्रपट आणि चित्रफितींच्या क्षेत्रात ४८,००० हा वेग रूढ आहे.

दुसरा प्रश्न, प्रत्येक मोजणी किती बारकाईने करायची? डिस्कवर प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे २ बाइट, मिळतात. त्यांत −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचा कोणताही आकडा लिहिता येतो. स्टुडिओत बहुधा २४ बिट वापरतात. त्यामुळे पायऱ्या ६५,५३६ वरून १,६७,७७,२१६ वर जातात आणि अगदी मंद आवाजही स्वच्छ टिपता येतो.

तेव्हा मुद्रित सूर म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब माळ. पण नुसती माळ हाती देऊन भागत नाही. हे आकडे कोणत्या वेगाने वाचायचे, प्रत्येक आकडा किती बाइटांचा, ध्वनी एका मार्गाचा की डाव्या-उजव्या अशा दोन मार्गांचा, हेही सांगावे लागते. ही माहिती आणि आकडे कसे मांडायचे याचा जो संकेत, तोच फाइलीचा प्रकार होय.

मालगाडीचे डबे

मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९१ साली वेव्ह फाइलीची मांडणी जाहीर केली. ही फाइल म्हणजे जणू एक मालगाडीच. तिच्यात एकामागून एक डबे असतात. प्रत्येक डब्यावर आधी चार अक्षरी नाव असते आणि त्यापुढे आतील मालाची लांबी लिहिलेली असते. एका डब्यात नमुन्यांचा वेग, बिट आणि मार्गांची संख्या असते, दुसऱ्या डब्यात प्रत्यक्ष आकड्यांची माळ.

चांगला सॅम्पलर फाइलीच्या नावाच्या शेपटीवर विसंबून राहत नाही. कारण नाव कोणीही बदलू शकतो. तो फाइल उघडून तिची पहिली चार अक्षरे पाहतो. ती आर, आय, एफ, एफ अशी असतील तर तो वेव्हच्या मार्गाने जातो. एफ, ओ, आर, एम असतील तर ॲपल कंपनीची एआयएफएफ असण्याचा संभव असतो. फ्लॅक फाइल तर आरंभी स्वतःचे नावच लिहिते.

डब्यांच्या या पद्धतीत एक मोठी सोय आहे. सॅम्पलरला एखादा डबा ओळखता आला नाही, तरी त्याची लांबी बाहेरच लिहिलेली असल्याने तो ओलांडून पुढे जाता येते. म्हणूनच जुनी आज्ञावली नवी फाइलही पुष्कळदा वाचू शकते.

वेव्ह फाइलीत खास सॅम्पलरसाठी राखलेला एक डबाही असू शकतो. हा सूर मुळात कोणत्या पट्टीचा आहे, हे त्यात नोंदवितात. शिवाय पट्टी दाबून धरली असता सुराचा कोणता भाग पुन्हापुन्हा वाजवीत राहायचा, हेही नमुन्याच्या क्रमांकासह लिहितात. मुद्रण चार सेकंदांचे असूनही संगणकातली पेटी मिनिटभर अखंड सूर धरते, ती या पुनरावृत्तीमुळेच. मेलोट्रॉनची फीत संपण्याची अडचण अशी सुटली.

आधी एकक की आधी दशक?

एआयएफएफ ही मांडणी ॲपलने १९८८ साली आणली. तिच्यातही डबेच आहेत, आणि आकडेही वेव्हसारखेच असतात. मग फरक कोठे?

मराठीत आपण २५ हा आकडा ‘पंचवीस’ असा बोलतो. आधी पाच, मग वीस. इंग्रजीत तोच आकडा ‘ट्वेंटी-फाइव्ह’ होतो, म्हणजे आधी वीस, मग पाच. संख्या तीच, क्रम उलटा. संगणकांच्या जगातही असेच दोन पंथ होते. १००० ही संख्या दोन बाइटांत मांडायची तर १००० = ३ × २५६ + २३२, म्हणून एका बाइटमध्ये ३ आणि दुसऱ्यात २३२ येतात. इंटेलचे प्रोसेसर धाकटा बाइट आधी ठेवीत: २३२, ३. वेव्ह फाइलीने तोच क्रम उचलला. ॲपलच्या तेव्हाच्या मॅकिन्टॉश संगणकात मोटोरोलाचे प्रोसेसर होते. ते थोरला बाइट आधी ठेवीत: ३, २३२. एआयएफएफने तो क्रम घेतला.

आता समजा, सॅम्पलरने क्रम उलटा धरला. १००० च्या जागी त्याला २३२ × २५६ + ३ = ५९,३९५ ही संख्या मिळेल. १६ बिटांच्या ऋण-धन मोजणीत तिचा अर्थ ५९,३९५ − ६५,५३६ = −६,१४१ असा होतो. शेजारच्या १००१ चे होतील −५,८८५. ज्या दोन नमुन्यांत एका पायरीचे अंतर होते, त्यांत आता २५६ पायऱ्यांची उडी पडली! अशा उड्यांनी भरलेली माळ वाजविली तर सुराऐवजी कर्कश खरखर ऐकू येते. फाइलीतला एकही आकडा बिघडलेला नसतो. फक्त वाचण्याचा क्रम चुकलेला असतो.

सर्वांना एक माप

सॅम्पलरला एकाच वेळी १६ बिटांची बासरी आणि २४ बिटांची पेटी वाजवायची असते. दोघांची बेरीज करायची तर माप एक हवे. म्हणून फाइल वाचतानाच तो प्रत्येक आकडा −१ ते +१ यांच्या दरम्यानच्या अपूर्णांकात बदलतो. १६ बिटांतील १००० ला ३२,७६८ ने भागले की सुमारे ०.०३०५ मिळतात. तीच उंची २४ बिटांत २,५६,००० अशी लिहिलेली असते. तिला ८३,८८,६०८ ने भागले की पुन्हा ०.०३०५ च मिळतात. यापुढे सॅम्पलरच्या दृष्टीने दोन्ही फाइली सारख्याच.

राहिला नमुन्यांच्या वेगाचा प्रश्न. येथे सॅम्पलर एक सुंदर युक्ती करतो, आणि ती समजण्यासाठी तो सुराची उंची कशी बदलतो ते आधी पाहिले पाहिजे.

समजा, आपल्याजवळ फक्त पांढरी सहाचे मुद्रण आहे आणि वाजवायची आहे तिच्या लगतची काळी पाच. लगतच्या दोन सुरांच्या वारंवारतांचे गुणोत्तर सुमारे १.०५९५ असते. म्हणून सॅम्पलर माळेवरून एकेक मणी न मोजता १.०५९५ मण्यांच्या ढांगा टाकीत जातो. पहिली ढांग १.०५९५ वर पडते, दुसरी २.११९ वर. पण २.११९ क्रमांकाचा नमुना तर फाइलीत नाही! तेव्हा तो शेजारच्या नमुन्यांवरून मधला आकडा काढतो. दुसरा नमुना १००० आणि तिसरा १२०० असेल, तर २.११९ या जागी १००० + ०.११९ × २०० = सुमारे १०२४ येतात. उत्तम सॅम्पलर दोनच नव्हे, तर आजूबाजूचे आणखी काही नमुने विचारात घेऊन अधिक अचूक आकडा काढतात.

आता संगणक ४८,००० च्या वेगाने चालला आहे आणि फाइल ४४,१०० ची आहे. मूळ सूर जसाच्या तसा वाजवायचा तर ढांग ४४,१०० ÷ ४८,००० = ०.९१८७५ इतकी हवी. काळी पाच वाजवायची तर १.०५९५ × ०.९१८७५, म्हणजे सुमारे ०.९७३४. झाले! फाइल आधी बदलून घेण्याची गरजच उरली नाही. वेगातला फरक आणि सुरातला फरक एकाच गुणाकारात सामावले.

हा हिशेब फाइलीतील नोंदीवर अवलंबून असतो. ४८,००० ची फाइल सॅम्पलरने ४४,१०० ची समजून वाजविली तर पांढरी सहाचे ४४० हर्ट्झ ४०४.२५ वर घसरतात. पांढरी पाच ३९२ ची आणि काळी चार सुमारे ४१५.३ ची. म्हणजे हा सूर धड पांढरी पाच नाही की काळी चार नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेला बेसूर आवाज! आणि हे सारे वेगाच्या एका चुकीच्या नोंदीमुळे.

वळकटी आणि चाळण

दोन मार्गांचे १६ बिटांचे मुद्रण सेकंदाला ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट खाते. मिनिटाला एक कोटीहून अधिक बाइट झाले. जागा वाचविण्यासाठी फाइली लहान करण्याच्या दोन रीती निघाल्या, आणि त्या एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली रीत वळकटीची. प्रवासाला निघताना गादी गुंडाळून घट्ट बांधली तर जागा कमी लागते, आणि सोडली की गादी पूर्ववत होते. २००१ साली प्रसिद्ध झालेला फ्लॅक हा प्रकार असाच आहे. समजा, नमुने १०००, १०१०, १०२१, १०३१ असे आहेत. पुढचा आकडा मागच्यांवरून बराचसा ओळखता येतो. म्हणून पूर्ण आकडे न लिहिता १०, ११, १० असे लहान फरकच लिहिले तरी चालते. प्रत्यक्षातील रीत यापेक्षा चतुर आहे, पण तत्त्व हेच. फाइल अनेकदा निम्म्याच्या आसपास येते आणि उलगडल्यावर मूळचा प्रत्येक आकडा तंतोतंत परत मिळतो.

दुसरी रीत चाळणीची. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिच्यावर मोठे काम केले, ती एमपी-३ पद्धत या जातीची आहे. मिरवणुकीत ढोल घुमत असताना शेजाऱ्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कशाला साठवायची? मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीकसारीक ध्वनी एमपी-३ ओबडधोबडपणे नोंदविते किंवा टाकूनच देते. सेकंदाला १,२८,००० बिट एवढ्यात गाणे बसविले तर फाइल मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शाची होते, आणि नुसते ऐकणाऱ्याला फरक सहसा जाणवत नाही.

पण सॅम्पलर नुसते ऐकत नाही. तो सूर वरखाली करतो. अशा फाइलीतून बहुधा १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग काढून टाकलेला असतो. सूर एक सप्तक खाली आणला की ती रिकामी जागा ८,००० हर्ट्झपासून सुरू होते, आणि तेथे आपला कान चांगलाच जागा असतो. जे ओबडधोबड भाग मूळ उंचीवर झाकलेले होते, तेही सूर बदलताच उघडे पडू शकतात.

दुसरी अडचण लांबीची. एमपी-३ मध्ये ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत भरतात, आणि भरताना व उलगडताना मिळून साधारण १,१०५ नमुन्यांची शांतता आरंभी घुसते. तबल्याचे दोन सेकंदांचे आवर्तन घ्या. त्याचे नमुने ८८,२००. शांतता धरून ते ८९,३०५ होतात. त्यांना कमीत कमी ७८ चौकटी लागतात, म्हणजे ८९,८५६ नमुने. तेव्हा १,६५६ नमुने, सुमारे ०.०३७५ सेकंद, जादा आले. हे आवर्तन तसेच फिरवीत ठेवले तर सत्तावीस फेऱ्यांत तबला पेटीच्या एक सेकंद मागे पडेल! काही आज्ञावल्या किती नमुने छाटायचे हे एमपी-३ फाइलीत लिहून ठेवतात. सॅम्पलरने ती नोंद वाचली तर ठीक; नाही तर ताल गेलाच. म्हणूनच काही सॅम्पलर एमपी-३ मुळी स्वीकारीतच नाहीत.

एमपी-३ चे वेव्हमध्ये रूपांतर केले की गुण परत येतो, असे पुष्कळांना वाटते. चाळून टाकलेला कोंडा पीठ मोठ्या डब्यात भरल्याने परत येईल काय? फाइल अकरापट मोठी होईल, एवढेच.

पट्टी दाबल्यावर वेळ कोठे आहे?

एका पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टीचे हळू-जोरात असे ४ प्रकार, प्रत्येकी १० सेकंद, दोन मार्ग, २४ बिट, ४८,००० चा वेग, असा हिशेब केला तर १,०१,३७,६०,००० बाइट होतात. सगळे स्मृतीत भरून ठेवणे महाग पडते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गिगासॅम्पलर या आज्ञावलीने यावर एक उपाय लोकप्रिय केला. प्रत्येक मुद्रणाचा फक्त आरंभ स्मृतीत ठेवायचा. पट्टी दाबताच तो वाजू लागतो, आणि तेवढ्या अवधीत उरलेला भाग डिस्कवरून आणला जातो. प्रत्येकी अर्धा सेकंद ठेवला तर पाच कोटी बाइटांच्या आसपास काम भागते.

येथे वेव्ह आणि एआयएफएफचा साधेपणा उपयोगी पडतो. प्रत्येक नमुना सारख्याच रुंदीचा असल्याने दहा हजारावा नमुना कोठे आहे ते एका गुणाकाराने कळते. फ्लॅकची वळकटी आधी सोडावी लागते. आजचे संगणक ते काम झटपट करतात, पण एकाच वेळी शंभर सूर वाजत असतील तर तेवढे ओझे वाढतेच. एमपी-३ बाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सॅम्पलर ती बहुधा आरंभीच पूर्ण उलगडून स्मृतीत ठेवतो. म्हणजे डिस्कवर वाचलेली जागा स्मृतीत वाचत नाही.

करून पाहा

ऑडॅसिटी ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यात ४४,१०० चा वेग आणि एकच मार्ग निवडून पेटीचा, बासरीचा किंवा स्वतःच्या गळ्याचा एकच सूर दहा सेकंद मुद्रित करा.

१. ते मुद्रण १६ बिटांचे वेव्ह, फ्लॅक आणि अगदी कमी दर्जाचे एमपी-३ अशा तीन रूपांत साठवा. वेव्ह फाइल सुमारे ८,८२,००० बाइटांची भरायला हवी. हा आकडा कसा आला ते स्वतः काढा, आणि उरलेल्या दोहोंची तुलना करा.

२. वेव्ह आणि एमपी-३ यांचा वेग निम्मा करून दोन्ही लागोपाठ ऐका. कोणता सूर अधिक बोथट झाला?

३. ट्रॅकच्या मेनूत जाऊन वेगाची नोंद ४४,१०० ऐवजी ४८,००० करा. सूर चढेल आणि दहा सेकंद ९.१८७५ सेकंदांवर येतील. आकडे तेच आहेत; बदलली आहे ती फक्त त्यांच्याविषयीची नोंद.

संगीत नाटकांना साथ करणाऱ्या पायपेट्या आता क्वचितच दिसतात. तुमच्या गावात, शाळेत किंवा एखाद्या देवळात असे जुने वाद्य अजून वाजते असेल, तर त्याचा एकेक सूर मुद्रित करून ठेवणे हे मोलाचे काम आहे. ते करताना मात्र मोबाइलची सोयीची फाइल डोळे झाकून वापरू नका, कारण मोबाइलवरील मुद्रण आज्ञावल्या पुष्कळदा चाळणीच्या जातीचाच प्रकार निवडतात. वेव्ह किंवा फ्लॅक निवडा, जमल्यास २४ बिट ठेवा, आणि कोणती पट्टी व कोणता वेग ते फाइलीच्या नावातच लिहा. अशा फाइलीतून हवी तेव्हा एमपी-३ करता येते. एमपी-३ वरून मात्र त्या पायपेटीचा गेलेला सूर कोणत्याही सॅम्पलरला परत आणता येणार नाही.